घराचं नवीन वायरिंग झालंय, टेस्ट रिपोर्टसाठी ठेकेदार येण्याआधी काय बघून ठेवू?

जुना फ्लॅट, सगळं वायरिंग नवीन आणि मंजूर लोड वाढवायचा म्हणून टेस्ट रिपोर्ट हवाय, असं तुम्ही लिहिलंय. मी 22 वर्षं घरांचं वायरिंग करतोय. आधी गवंड्याला थांबवा. झिऱ्या, म्हणजे पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजल्या की निम्मं काम दिसेनासं होतं. प्रत्येक भिंतीचा, मोजायचा टेप लावून, फोटो काढा. पाइपाच्या आत वायरला जोड असेल तर तो आत्ताच काढायला लावा. जोड बॉक्समध्येच हवा.

गिझर-एसीची वायर 4 चौरस मिमी, 16 अँपियरच्या सॉकेटला 2.5, दिवे-पंख्यांना 1.5. दिव्यांच्या 1.5 च्या वायरीवर 16 अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवलेला दिसला तर बदलून घ्या, 6 किंवा 10 चा पुरतो.

आता मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. रिपोर्टवर आकडे लिहून सही करणारे असतात, मीटर पिशवीतून बाहेरच येत नाही. मला एका घरी बोलावलं होतं, रिपोर्ट हातात होता आणि मिक्सर लावला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप. किचनचं कपाट बसवताना स्क्रू पाइपात घुसून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले होते. न्यूट्रल-अर्थमध्ये मेगर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्यांना नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. म्हणून मेन बंद करून, बल्ब, पंखे, उपकरणं सोडवून, 500 व्होल्टचा मेगर तुमच्यासमोर लावायला सांगा: फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर सही घेऊच नका. नव्या वायरिंगला रीडिंग याच्या कितीतरी पट यायला हवं.

आरसीसीबी 30 मिलिअँपियरचा घ्या. पण त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर ट्रिप झाला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थची तार तुटलेली असली तरी चालतं. जुन्या इमारतीत ही तार मीटररूममध्ये नुसती लोंबत सोडलेली मी अनेकदा पाहिलीय. खाली जाऊन ती कुठे जोडलीय ते स्वतः बघा, आणि अर्थचा रेझिस्टन्स मीटरने मोजून घ्या.

सुताराचं काम बाकी असेल तर तो गेल्यावर मेगर पुन्हा एकदा लावायला सांगा, आणि त्याला स्क्रू मारण्याआधी ते भिंतींचे फोटो दाखवा.