पायी गडावर निघालेल्या आईचं लाइव्ह लोकेशन अडकलं, तर दुसरा काय इलाज?

तुम्ही विचारलंय की आई यंदा पहिल्यांदाच शिरपूरहून पायी सप्तशृंगी गडावर निघतेय, फोनमधलं लाइव्ह लोकेशन मध्येच अडकतं, तर हाताशी दुसरं काय ठेवावं. माझी आई अमळनेरहून दर चैत्रात जाते. आम्ही या काळजीतून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी सकाळी सातला तिचा ठिपका लळिंगच्या किल्ल्याखाली दिसत होता. दहा वाजले तरी तिथंच. फोन लावला तर बंद. धाकटा भाऊ धुळ्यात असतो, तो मोटरसायकल काढून आग्रा रोडने निघाला. लळिंगला कुणीच नव्हतं. ती सापडली पुढं आर्वीजवळ, रस्त्याकडेच्या मंडपात. पाय पसरून तळव्यांना खोबरेल चोळत बसलेली, फोन पिशवीत बंद. भावाला अहिराणीत म्हणाली, "आठेच शे ना भाऊ, मी कोठे जासू?" म्हणजे इथंच आहे ना, मी कुठं जाणार?

नंतर लक्षात आलं की नकाशावर नावाखाली 'तीन तासांपूर्वी' असं लिहिलेलं होतं. आम्ही चौघांनी ठिपका पाहिला, वेळ कुणीच वाचली नाही. म्हणून पहिलं हे: ठिपका अडकला की आधी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. तो ठिपका म्हणजे तेव्हाची जागा, आत्ताची नव्हे.

आता साध्या कारणांचा निकाल लावून टाका. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं. रात्री चालू केलं की सकाळी आपोआप संपतं आणि घरच्यांना वाटतं काहीतरी घडलं. गूगल मॅप्समध्ये 'बंद करेपर्यंत' असा पर्याय आहे, तो वापरा. आईच्या फोनचा बॅटरी सेव्हर मॅप्सला मागच्या मागं बंद करत असेल, तर त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बंधनं काढा.

हे सगळं करूनही नेट गेलं की लोकेशन थांबणारच. इथं एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. जीपीएसला नेट लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा स्वतःच काढतो, नेट लागतं ते ती जागा तुमच्यापर्यंत पोचवायला. म्हणजे नेट गेलं तरी आईच्या फोनला आपण कुठं आहोत ते माहीत असतं, फक्त सांगता येत नाही. मग ते साध्या एसएमएसने सांगायचं. कॉल तुटतो अशा क्षीण रेंजमध्येही एसएमएस बऱ्याचदा निघून जातो.

मॅप्स उघडून निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि दोन आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. ते जसेच्या तसे एसएमएसमध्ये टाकायचे. तुम्ही घरी तेच आकडे मॅप्सच्या शोधपट्टीत लिहिले की जागा समोर येते. दशांशानंतर चार आकडे पुरे, तेवढ्याने दहा-बारा मीटरपर्यंत जागा कळते. शिरपूर ते गड या वाटेवर पहिला आकडा २० किंवा २१ ने सुरू होतो आणि दुसरा ७४ ने. कळवण सोडून गडाकडं वळल्यावर ७४ चं ७३ होतं. भलताच आकडा आला तर टाइप करताना चूक झाली, एवढं लगेच ओळखता येतं. नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला फोन काही मिनिटं घेतो, तेव्हा मंडपाबाहेर, उघड्या आभाळाखाली उभं राहायचं. आईला हे जमणार नसेल तर जथ्यातल्या एखाद्या पोराला शिकवा आणि त्याचा नंबर घ्या. सामानाच्या टेम्पोवाल्याचाही घ्या.

पण मी खरा भरवसा ठेवतो तो याच्याही आधीच्या पद्धतीवर. आईला आम्ही सांगून ठेवलंय: थांबलीस की किलोमीटरचा दगड वाच, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत. शाळेवर गावाबरोबर तालुकाही लिहिलेला असतो. तालुका विचाराच, कारण पिंप्री नि वडगाव आपल्याकडं ज्या त्या तालुक्यात सापडतात. काहीच दिसत नसेल तर चहावाल्याच्या हातात फोन द्यायचा, तो दोन वाक्यांत नेमकं सांगतो.

वेळाही ठरवून घ्या. आमच्या सकाळी सात, दुपारी एक, रात्री आठ. त्या वेळी ती फोन चालू करते, बोलते, पुन्हा बंद करते, म्हणजे बॅटरीही पुरते. एक वेळ चुकली तर आम्ही पुढच्या वेळेपर्यंत थांबत नाही, तासाभरात जथ्यातल्या दुसऱ्या नंबरला लावतो. हे नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या बटव्यात असतात. फोन हरवला तर त्यातले नंबरही हरवतात, हे विसरू नका.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घाला. एकाची रेंज गेली तिथं दुसऱ्याची असते, आणि हा खर्च अगदी थोडा आहे.

किल्लीला लावायचे ब्लूटूथ ट्रॅकर काहीजण सुचवतील. त्यांना स्वतःचं नेट नसतं, आसपासच्या दुसऱ्यांच्या फोनवरून ते जागा कळवतात. गर्दीत चालतील, रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांचा भरवसा धरू नका. सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र परस्पर मागवू नका, आपल्याकडं त्याला सरकारी परवानगी लागते.

खरंच अडचण आली तर ११२. आपल्या सिमची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असला तरी हा कॉल सहसा लागतो. तिथंही आधी गाव, तालुका आणि दगडावरचा आकडा सांगायचा.

निघायच्या आधी एक दिवस आईला गल्लीच्या टोकाला उभं करून, फोनचा डेटा बंद ठेवून, हा आकड्यांचा एसएमएस तिच्याकडूनच करून घ्या. आमच्या आईला तिसऱ्या खेपेला जमला. तुमच्या आईंचा फोन कोणता आहे ते लिहिलंत तर बॅटरीची सेटिंग त्यात कुठं सापडेल ते सांगतो.