'ग्रेसलिंग'वर मुलीशी बोलायचंय? मग आधी जंगलातला तो प्रसंग उघडा

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी १४ वर्षांची, न्यू जर्सीत सप्टेंबरमध्ये नववीत जाणार. समर रीडिंगला (शाळेने उन्हाळी सुट्टीत वाचायला दिलेलं पुस्तक) क्रिस्टिन कॅशोरची 'ग्रेसलिंग' ही कादंबरी आली आहे आणि शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्यावर वर्गात निबंध. 'असल्या शक्तीबिक्तीच्या गोष्टीवर बोलायचं तरी काय, त्यापेक्षा शाळेकडून एखादं चरित्र मागून घेऊ का?' असं तुम्ही विचारता.

नका मागू. 'शक्तीबिक्ती' हा शब्द मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (पुढे शेवटासकट सगळं आहे. मुलीचं वाचून होईपर्यंत हे तिला दाखवू नका.)

पहिली गोष्ट, 'तुला कोणती शक्ती मिळाली तर आवडेल?' हे विचारूच नका. बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होतात आणि तिथेच बसतात. एकाला उडायचं असतं, दुसऱ्याला अदृश्य व्हायचं असतं, आणि पाच मिनिटांत पुस्तक बाजूला पडतं. २००८ सालच्या या कादंबरीत कुणीही काही निवडलेलं नाही. ज्याच्यात 'ग्रेस', म्हणजे जन्मतःच असलेलं एखादं विलक्षण कौशल्य आहे, त्याचे दोन डोळे दोन रंगांचे होतात, आणि डोळ्यांचा रंग ठरला की बहुतेक राज्यांत ते मूल राजाच्या मालकीचं होतं. राजाला त्या ग्रेसचा उपयोग नसेल तर मूल घरी परत येतं, पण शेजारीपाजारी त्याच्याकडे संशयानेच बघतात. नायिका कात्साचा एक डोळा निळा, एक हिरवा. वयाच्या आठव्या वर्षी तिच्या हातून एक माणूस मेला आणि तिची ग्रेस मारण्याची आहे असं ठरलं. तेव्हापासून मामा-काकाच्या नात्यातला तो राजा रांडा तिला लोकांना धाक दाखवायला वापरतो. मग विचारायचं ते हे: शक्ती हिची, पण चालते कुणाच्या हुकमाने?

इथे तुमची मराठी कामाला येते. 'ग्रेस'ला मराठीत काय म्हणायचं, हे मुलीला विचारा. सिद्धी म्हणावं तर ती साधनेने मिळते. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची गोष्ट तिला माहीत असेलच, त्या सिद्धी कमावलेल्या होत्या. वरदान म्हणावं तर ते कुणीतरी प्रसन्न होऊन देतं. शाप म्हटला की उःशाप आला. 'कृपा' हा शब्दशः अर्थ झाला, पण कात्साला ते पटेल का? गळ्यात देणगी आहे म्हणतो तशी 'देणगी' हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. मुलीने दुसरा शब्द सुचवला तर फारच छान, फक्त तिला पुस्तकातल्या दोन जागा दाखवून तो पटवून द्यायला लावा. निबंधाचा पहिला परिच्छेद यातूनच निघतो.

वेळेचं सांगते. मुलं जूनमध्ये पुस्तक संपवतात आणि ऑगस्टच्या शेवटी नावंसुद्धा विसरलेली असतात. पुस्तकाचे तीन भाग आहेत, म्हणून तीन बैठका करा, प्रत्येकी ४० मिनिटांची. तिसरी बैठक शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी. वाचताना दोनच रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्या. एक रंग 'ग्रेसबद्दल लोक काय समजतात' यासाठी, दुसरा 'प्रत्यक्षात काय दिसलं' यासाठी. चार-पाच रंग दिले की मुलं वाचायचं सोडून रंगवत बसतात. एका बैठकीला दहा चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर निदान एक वाक्य हवं. नुसती चिकटवलेली चिठ्ठी महिन्याने मुकी होते.

आता ते जंगल. अख्ख्या पुस्तकातलं एकच ठिकाण घ्यायचं असेल तर हेच घ्या. मोन्सीचा राजा लेक याची ग्रेस बोलण्यात आहे. तो जे बोलेल ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं, आणि ऐकणारा ते पुढे सांगेल तेव्हा त्या पुढच्यालाही. कानगोष्टींच्या खेळात गोष्ट प्रत्येक कानागणिक बदलते. इथे मात्र 'लेक राजा फार दयाळू' हे परक्या राज्यांतही तसंच पोचतं. कात्सा आणि तिचा सोबती, लिएनिड राज्याचा राजपुत्र पो यांनी हे आधीच ओळखलेलं असतं. ऐनवेळी मी सांगेन तसंच कर, हेही पोने तिच्याकडून कबूल करून घेतलेलं असतं. तरीही जंगलात, तिच्या डोळ्यांसमोर, लेक पळणाऱ्या आपल्याच राणीला बाण मारतो, मग तो दुःखाने बोलू लागतो, आणि कात्साला त्याची दया येते! सगळं ठाऊक असून तिचा बाण सुटत नाही. शेवटी पो तिला तिथून काढतो.

मुलं हे पान भरभर वाचतात आणि 'कात्सा गोंधळली' एवढंच सांगतात. कारण कथन कात्साच्या नजरेतून आहे, तिच्या डोक्यात धुकं शिरतं तसं ते वाक्यांतही शिरतं. म्हणून त्या दोन पानांची झेरॉक्स काढा. मुलीच्या हातात पेन्सिल द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीखाली सरळ रेघ, लेकच्या बोलण्यातून आलेल्या गोष्टीखाली नागमोडी. सरळ रेघा कुठे संपतात ते शब्दावर बोट ठेवून दाखवायला लावा. मग शेवटाकडे या. पोच्या वाड्यात लेक पुन्हा समोर असतो, तो पोचं गुपित (त्याची खरी ग्रेस दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची आहे, हे) फोडणार इतक्यात कात्साचा खंजीर सुटतो. पहिल्यांदा जमलं नाही ते दुसऱ्यांदा कसं जमलं? उत्तर तुम्ही देऊ नका. माझ्या मते पहिल्यांदा तिच्याकडे नुसती माहिती होती, दुसऱ्यांदा राखायला माणूस होता. पण याविरुद्धही चांगला युक्तिवाद होऊ शकतो.

चरित्रच वाचायला हवं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे: गोड बोलणाऱ्या माणसाने आपली शुद्ध कशी हरपते, हे वाचणाऱ्याला आतून दाखवणारी दोन पानं किती चरित्रांत सापडतील? 'मुलांनी खरं वाचावं' हा आग्रह मला मान्य आहे, आणि हे पान त्यात बसतं.

दुसरा धागा पटकन सांगते. कात्साची ग्रेस मारण्याची नसून तगून राहण्याची आहे, हे उशिरा उलगडतं. ते कळल्यावर मागे जाऊन पुरावे शोधायला लावा: हवी तेव्हा झोपणं, थंडी, भूक. लेकच्या दहा वर्षांच्या मुलीला, बिटरब्लूला घेऊन ती हिवाळ्यात ग्रेलाची खिंड ओलांडते, तिथे पुरावेच पुरावे आहेत. निबंधाला याहून चांगला विषय शोधायची गरज नाही. आठ वर्षांच्या मुलीला 'मारेकरी' म्हटलं की तीही स्वतःला तेच समजू लागते, हे तुमच्या मुलीला स्वतःला लिहू द्या.

दोन गोष्टी खरं तर आधीच सांगायला हव्या होत्या. लेकचं क्रौर्य मुक्या जनावरांपर्यंत जातं, आणि स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्याचा हेतू काय हे पुस्तक सूचित करतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मी हे देणार नाही. शिवाय कात्सा आणि पो यांचा शरीरसंबंध येतो, आणि कात्सा लग्नाला व मुलांना ठाम नकार देते. हे प्रकरण गाळून चर्चा केलीत तर मुलीच्या ते लगेच लक्षात येईल. तुम्हाला पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पण ती नकार का देते ते आधी पुस्तकातून वाचा. आयुष्यभर एका राजाच्या मालकीत राहिलेल्या मुलीचा तो नकार आहे.

एवढं वाचूनही पुस्तक बदलूनच हवं असेल तर शाळेला ईमेल जूनमध्येच करा, आणि मुलीला विचारून करा.