तुरुंगाच्या स्वयंपाकघरात आधी वजनकाटा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुरुंगाच्या स्वयंपाकघराचं काम हाती आलं की पर्यावरणाच्या नावाने पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खतखड्डा नाहीतर बायोगॅस सुचवेल. दोन्ही चांगले, पण शेवटी करायचे. शिजलेलं अन्न खड्ड्यात गेलं की ते पिकवायला लागलेलं पाणी आणि शिजवायला जळलेलं इंधन गेलं ते गेलंच. म्हणून आधी वजनकाटा मागवून घे.

चार रंगांचे चार डबे ठेव. कोठारात खराब झालेलं एकात, निवडता-चिरताना निघालेलं दुसऱ्यात, शिजलं पण वाढलंच गेलं नाही ते तिसऱ्यात, ताटात उरलेलं चौथ्यात. प्रत्येक जेवणानंतर वजन आणि प्रत्यक्ष जेवलेल्यांची संख्या वहीत लिही. मेनूचं चक्र दोन आठवड्यांचं असेल तर नोंदीही पूर्ण दोन आठवडे हव्यात, नाहीतर नेमका नावडत्या पदार्थाचा दिवस हिशेबातून निसटतो. 800 बंदी असतील आणि माणशी जेवणाला 90 ग्रॅम उरत असतील, तर दोन जेवणांचे रोजचे 144 किलो झाले. आकडा कमी आला म्हणून लगेच खूश होऊ नकोस. ताट कोठडीत नेऊन जेवत असतील तर उरलेलं शौचालयात ओतलं जातं, डब्यापर्यंत येतच नाही. गटार तुंबल्याच्या तक्रारी कुठल्या बराकीतून येतात ते पाहा.

तिसऱ्या डब्यावर बारीक लक्ष ठेव, कारण ते नुकसान पूर्णपणे आपल्या हातातलं असतं. स्वयंपाक सकाळच्या मोजणीवर चढतो. मग कोणी कोर्टात जातो, कोणी रुग्णालयात, कोणाची बदली होते, आणि त्यांच्या वाटणीचं भांड्यात राहतं. भांडं चढवण्याआधी ताजी मोजणी हातात मिळेल अशी व्यवस्था अधिकाऱ्यांकडून लेखी करून घे. ‘कमी पडायला नको’ म्हणून आचारी वर थोडं टाकतातच, आणि त्यांची भीती खोटी नाही. तुरुंगात जेवण कमी पडलं तर त्याचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. उपाय असा, की सगळं एकदम न शिजवता दोन घाण्यांत शिजवायचं. पहिल्या घाण्यात साधारण तीन चतुर्थांश, उरलेलं रांग पाहून.

उरलेलं पुढे वापरायचं तर थंड करण्यात हयगय चालत नाही. 60 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत, पुढच्या चार तासांत 5 अंशांवर. खोल पातेल्यात हे होत नाही, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ ट्रेमध्ये जेमतेम 5 सेंटिमीटर थर दे. भात कोमट राहिला तर बॅसिलस सेरियस हा जिवाणू त्यात विष तयार करतो, आणि उलटी आणणारं ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

आता वेळ. पहारेकऱ्यांची पाळी बदलते म्हणून संध्याकाळचं जेवण दुपारी चार-साडेचारलाच वाढायची पद्धत असेल, तर तेव्हा भूक नसते. ताट परत जातं आणि रात्री कँटीनची पाकिटं फुटतात. अन्नही वाया आणि प्लास्टिकचा कचराही. तासभर उशिरा वाढणं एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम करू शकतं, पण ते स्वयंपाकघराच्या अखत्यारीत नाही. वही घेऊन सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जावं लागेल.

मेनूत सगळ्यात मोठा फरक मांसाने पडतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार 100 ग्रॅम प्रथिनांमागे गोमांसासाठी पाळलेल्या जनावरांचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सरासरी 50 किलोच्या आसपास जातं, कोंबडीचं 6 किलोच्या आसपास, वाटाण्याचं अर्ध्या किलोहून कमी. तरी मांस एका फटक्यात बंद करू नकोस. मिश्र पदार्थात आधी एक तृतीयांश मांसाच्या जागी कडधान्य घाल, बंद्यांच्या प्रतिनिधींना चाखायला दे, मग निम्म्यावर जा. एकूण उष्मांक आणि प्रथिनं कमी होता कामा नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला 22 वा नियम पोषक आणि नीट शिजवलेलं अन्न द्यायला सांगतो, 43 वा शिक्षा म्हणून आहार तोडायला मनाई करतो. ‘पर्यावरणाच्या नावाखाली आमचं ताट कापलं’ अशी कुजबुज सुरू झाली की योजना संपली.

कडधान्य 8 ते 12 तास भिजव, उकाड्यात मध्ये एकदा पाणी बदल, नाहीतर आंबतं. सुकं 1 किलो शिजून सव्वादोन-अडीच किलो होतं, भांडी त्या मापाने धर. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळ. इंधन वाचवायला तो नुसत्या मंद आचेवर ठेवला, तर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होत नाही आणि अख्खी बराक उलट्या करते. जुना माल शिजतच नाही, तेव्हा चिमूटभर सोड्याऐवजी कोठारातला क्रम सुधार, जुनं आधी. सोड्याने थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, मरतं, आणि एकसुरी आहारात तेच आधी कमी पडतं.

भाजीच्या मळ्याबद्दल जास्त आशा धरू नकोस. 800 जणांना रोज 100 ग्रॅम पालेभाजी म्हणजे वर्षाला 29 टन. चौरस मीटरला वर्षाकाठी 10 किलो धरले तरी जवळपास 3,000 चौरस मीटर लागतात. मळा कामासाठी आणि ताजेपणासाठी ठेव.

एवढं करून जे उरेल त्याचं खत. एक डबा ओल्याला दोन ते तीन डबे कोरडं, म्हणजे वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा एवढीच ओल. वास आला तर कोरडं कमी पडलंय किंवा हवा जात नाहीये. रोगजंतू मरायला ढीग 55 अंशांच्या वर सलग काही दिवस राहायला हवा, उघडा ढीग असेल तर पंधरा दिवस आणि त्यात पाच वेळा उलथापालथ. बायोगॅस लावलास तर एकदम भरपूर खाद्य घालू नकोस, आम्लता वाढून गॅस थांबतो. तसं झालं तर खाद्य बंद करून वाट पाहा.

ढिगाला कुंपण आणि कुलूप हवंच. खतात वस्तू लपवता येतात, फळांच्या साली आणि साखर मिळाली की दारू गाळली जाते. तापमापकाची लांब पोलादी सळई चाकूंच्याच नोंदवहीत लिहायची, सही घेऊन द्यायची आणि मोजणीआधी परत घ्यायची.

तुझा हितचिंतक