पासवर्डशिवाय यादी दिसली, आता नोटीस आली

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. ओरॅकल आयडेंटिटी मॅनेजर या वापरकर्त्यांची खाती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा त्रुटीबद्दल (जाहीर नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-६१७५७) वाचलं होतं. एका वित्तसंस्थेच्या सर्व्हरवर तीच त्रुटी वापरून पाहिली, तर लॉगिन न करता वापरकर्त्यांची यादी उघडली. स्क्रीनशॉट जोडून संस्थेला ईमेल केला. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आहे : सात दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ. मी काही चोरलेलं नाही. काय करू?

उत्तर : त्या माफीनाम्यावर सही करू नका. ‘बेकायदा प्रवेश केला’ हे तुमच्याच सहीचं वाक्य उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा होईल.

तुमची बाजू मात्र पूर्ण निर्धोक नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ हेतू विचारत नाही. मालकाची परवानगी होती का, एवढंच विचारतं. ती नव्हती. चांगल्या हेतूने त्रुटी शोधणाऱ्याला या कायद्यात वेगळी सूट नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. म्हणून नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो.

फौजदारी कलम ६६ चं तसं नाही. तिथे अप्रामाणिक किंवा कपटी हेतू सिद्ध करावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा जामीनपात्र आहे. सगळा भार तुमच्या पहिल्या ईमेलवर आहे. त्यात बक्षीस मागितलंय का? ‘नाहीतर जाहीर करीन’ असं काही लिहिलंय का? असेल तर खंडणीचं कलम जोडायचा प्रयत्न होईल; हे तुमच्या वकिलाला आजच सांगा. नुसती माहिती दिली असेल, तर तोच ईमेल तुमची ढाल आहे.

घाबरून काहीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. लॅपटॉप, स्क्रीनशॉट, पाठवलेला ईमेल जसेच्या तसे ठेवा. तो सर्व्हर पुन्हा उघडू नका, मित्रांना यादी दाखवू नका. त्रुटीची माहिती सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची यंत्रणा) द्या, तीही वकिलाला मसुदा दाखवूनच.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा अनधिकृत प्रवेश कळल्यापासून ६ तासांत कळवणं संस्थेवरही बंधनकारक आहे. उत्तरात हे धमकी म्हणून लिहू नका. तुमच्या वकिलाला माहीत असलं की पुरे.

नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने जाऊ द्या. त्यात लिहा : माहिती कोणालाही दिलेली नाही, वापरलेली नाही, आणि दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनंतर प्रती नष्ट करायला तयार आहे.