आजोबांची जन्मतारीख १ जून आणि आजीची दोन नावं: खरं काय धरायचं?

शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली की ती तारीख जन्माची धरू नका. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने वय ठरवून हीच तारीख टाकायचे. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस म्हणूनच एकाच दिवशी येतो! वर्षही एक-दोनाने पुढे-मागे असू शकतं.

त्याऐवजी तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. जन्म-मृत्यूची नोंद घटनेच्या आसपासच व्हायची, त्यामुळे माझा भरवसा तिच्यावर जास्त. मात्र तिथे बाळाचं नाव बहुधा नसतं, 'अमक्यास मुलगा' एवढंच. आणि जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा गाठावा लागतो. घरात जन्मपत्रिका असेल तर सोन्याहून पिवळं. तिच्यावरच्या शके १८४२ ला ७८ मिळवले की १९२० येतं, पण मिती माघ-फाल्गुनातली किंवा पौषात जानेवारी लागल्यानंतरची असेल तर ७९ मिळवा, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. इथे बरेच जण चुकतात.

आजीची दोन्ही नावं खरी असणार, एक माहेरचं, एक सासरचं. सातबाऱ्याच्या वारस फेरफारात तिचं नाव कोणाची पत्नी म्हणून लागलंय ते बघा, मग माहेरच्या गावची नोंद शोधा. वंशावळीत दोन्ही नावं लिहा, माहेरचं गाळू नका.