अनोळखी पात्रांचे ट्रान्सफॉर्मर्स जमवायचे असतील तर

ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे रूप बदलणारे खेळण्यातले रोबो. सुरुवात १९८८च्या ‘प्रिटेंडर’ या खेळण्यांच्या मालिकेपासून करा. त्यातली स्कलग्रिन किंवा क्लाउडबर्स्ट ही पात्रं ट्रान्सफॉर्मर्सचा नायक ऑप्टिमस प्राइमइतकी कुणाला माहीत नाहीत, आणि खेळण्याची रचनाही सोपी आहे: दोन अर्ध्या भागांचं पोकळ कवच, आत रूप बदलणारा छोटा रोबो. विक्रेते बऱ्याचदा नुसतं कवच किंवा नुसता आतला रोबो ‘पूर्ण’ म्हणून खपवतात, म्हणून कमरेचा पट्टा आणि शस्त्रं वेगळ्या फोटोत मागा. चकचकीत नवी शस्त्रं आणि मळकट रोबो अशी जोडी दिसली, तर शस्त्रं नक्कल असू शकतात.

सोनेरी प्लास्टिकपासून मात्र लांब राहा, निदान पहिल्या वर्षी. झाक येण्यासाठी मिसळलेल्या सोनेरी कणांमुळे ते ठिसूळ होतं. न उघडलेल्या डब्यातलंही हात लावताच फुटतं. ब्लॅक झरॅक हा जपानी ट्रान्सफॉर्मर यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यावर इलाज नाही, गोंदही फार टिकत नाही.

सांधा ढिला असेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. ओलं असताना जोडलं की चिकटतं, आणि सोडवताना खुंटी तुटते. स्क्रू घट्ट करताना तो टेकला की थांबा. स्टिकर असलेला भाग पाण्यात बुडवू नका.