नाशिकच्या थंडीत घरातल्या कासवाची पेटी किती तापमानाला ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये काचेच्या टँकमध्ये तळहाताएवढं सुलकाटा कासव आहे, डिसेंबर लागल्यापासून ते जेमतेम खातंय, आणि "टँक किती डिग्रीला सेट करू, रात्रभर बल्ब चालू ठेवला तर चालेल का?" थोडक्यात सांगायचं तर एकच आकडा सेट करू नका, आणि रात्री ऊब हवी पण उजेड नको. आता सविस्तर.

आधी कागदपत्रं. सुलकाटा परदेशी जात आहे, 'साइट्स' (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या यादीत आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. पण पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर ते आपलं स्टार कासव. वन्यजीव कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो किंवा वास्तुवाला. तसं असेल तर पुढचं वाचत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, बाहेरून मिळेल तेवढीच. खाणं गवत-पाल्याचं, आणि ते आतड्यातल्या जिवाणूंनी आंबवल्यावरच पचतं. अंग गार पडलं की आंबणं मंदावतं आणि भूक मरते. तुमच्याकडे बहुधा हेच चाललंय. "थंडीत झोपतं हो ते, उन्हाळ्यात उठेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रशियन किंवा हर्मन कासवं शीतनिद्रा घेतात, सुलकाटा घेत नाही. ते नुसतं गारठतं.

पेटीत एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली हवी. दिव्याखाली शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश, त्या बाजूच्या हवेत ३० च्या आसपास, पलीकडच्या टोकाला २५ ते २७. कुठे बसायचं ते कासव ठरवतं. दिवसभर दिव्याखालून हलत नसेल तर पेटी गार आहे. सतत लांबच्या कोपऱ्यात माती उकरत असेल तर ती तापलीय. काचेचा छोटा टँक असेल तर तापमानाचा हा उतार जमतच नाही, सगळा टँक एकसारखा होतो. शिवाय काच आरपार दिसते म्हणून कासव दिवसभर तिला धडका देत बसतं. सुताराकडून प्लायची चारेक फूट लांब पेटी करून घ्या, वरचा निम्मा भाग झाकता येईल अशी. खाली थर्मोकोलची शीट घाला, कारण आपल्या फरशा जानेवारीत बर्फासारख्या होतात.

मी अंबडला कंट्रोल पॅनेलचं काम करतो, त्यामुळे पुढच्या गोष्टीवर जरा जास्त बोलणार. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर, पेटीचं तापमान सांभाळत नाही, तो फक्त आपल्या प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या वायरच्या) टोकाचं तापमान सांभाळतो. प्रोब काचेला वर चिकटवला असेल तर तुम्ही काचेचं तापमान राखताय. तो कासवाच्या पाठीच्या उंचीवर हवा, आणि असा बांधलेला की कासव ओढून नेणार नाही. प्रोब मातीत पुरला गेला की हीटर बंदच होत नाही, हे लक्षात ठेवा. अंडी उबवण्याच्या यंत्रांत वापरतात तो साधा डिजिटल कंट्रोलर पुरतो. हीटर बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानातला फरक १ अंशाचा ठेवा. कंट्रोलरवर विसंबून न राहता वेगळ्या थर्मामीटरने ताडून बघा. शेकायच्या जागेसाठी पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा, कारण तिथे हवेपेक्षा दगडाचा आणि कवचाचा पृष्ठभाग किती तापतो ते महत्त्वाचं.

आता काय जोडायचं. दिवसा शेकायला साधा हॅलोजन स्पॉट, टायमरवर, १२ तास. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर: तो बल्बसारखा होल्डरमध्ये बसतो, तापतो, पण उजेड देत नाही. थर्मोस्टॅटवर हाच लावा. हॅलोजन थर्मोस्टॅटवर लावला तर तो दिवसभर उघडझाप करतो आणि लवकर जातो. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. आणि दिवा नुसत्या क्लिपवर टांगू नका, साखळी लावा. पेटीत अंथरलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) पडलेला तापलेला दिवा म्हणजे आगच. लाल बल्ब "कासवाला दिसत नाही" म्हणून विकतात, पण कासवाला लाल रंग चांगला दिसतो आणि झोपमोड होते. पोटाखालचा हीटिंग पॅडही नको. कासवाला ऊन वरून येतं हे कळतं, खालून भाजतंय ते वेळेवर कळत नाही.

रात्री पिल्लासाठी पेटीत कुठेही २४-२५ च्या खाली जाऊ देऊ नका. बाहेर नाशिकचा पारा १० च्या खाली जातो, निफाडकडे तर बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. खिडक्या लावलेल्या घरात एवढं गार होत नाही, पण कासवाला बाधेल इतकं नक्की होतं. विजेच्या बिलाची धास्ती असेल तर हिशेब सोपा आहे: १०० वॅटचा हीटर सलग १० तास चालला तर १ युनिट, आणि थर्मोस्टॅटवर तो सलग चालत नाही. रात्री लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर कासवाला टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडून. सोबत गरम पाण्याची बाटली, कापडात गुंडाळलेली, अंगाला न लागणारी.

ओलाव्याचं बरेच जण उलटं करतात. वाळवंटी कासव म्हणून पेटी खडखडीत कोरडी ठेवतात आणि पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. २००३ साली सुलकाटाच्या पिल्लांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उंचवट्यांमागे प्रथिनांपेक्षा हवेतला कोरडेपणा जास्त कारणीभूत दिसला. नर्सरीतून कोकोपीट आणा, चार बोटं थर द्या, खालचा भाग दमट ठेवा. लपायला अर्धा फुटका माठ आडवा पुरला की झालं, पाणी शिंपडलं की आत ओलावा टिकतो. पण ओलावा आणि गारठा एकत्र आले की न्यूमोनिया. म्हणून आधी ऊब पक्की करा, मग पाणी शिंपडा.

ऊब मिळाली म्हणजे ऊन मिळालं असंही नाही. कवच आणि हाडांसाठी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण लागतात, आणि खिडकीची काच ते अडवते. त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हात ठेवून ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व नाही. यूव्हीबी ट्यूब लावा आणि साधारण वर्षाने बदला, ती पेटत राहते पण तिचा जोर उतरलेला असतो. थंडीतही दुपारी गच्चीवर तासभर, सावलीचा कोपरा देऊन, नजरेसमोर फिरवलं तर उत्तमच. घारी आणि कुत्री आहेत, विसरू नका.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो: नाशिकमध्ये मला डिसेंबरपेक्षा एप्रिल-मेची जास्त भीती वाटते. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. वरच्या मजल्यावर खोलीच ३६ ला गेली आणि टायमरवरचा हॅलोजन नेहमीप्रमाणे सुरू झाला, तर बंद पेटीत कासवाला पळायला जागा उरत नाही. जंगलात ते खोल बीळ खणून उन्हाळा काढतं. यावर माझा उपाय असा: हॅलोजनची लाइन दुसऱ्या कंट्रोलरमधून घ्यायची आणि त्याचा प्रोब गार टोकाला ठेवायचा. तिथे ३२ ओलांडले की दिवा आपोआप बंद. तोंडाला फेस आला, मान लाळेने ओली दिसली तर कासवाला उष्माघात होतोय. लगेच सावलीत कोमट पाण्यात ठेवा, बर्फ लावू नका, आणि डॉक्टर गाठा.

सध्या मात्र एवढं करा: रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच, मग पुसून दिव्याखाली सोडा. तापमान नीट झाल्यावरही आठवड्याभरात भूक उघडली नाही, किंवा नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज यातलं काही दिसलं, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडेच न्या. तोवर रात्रीही २७-२८ ठेवा.

टँकची लांबी-रुंदी, पहाटे पाचचं खोलीचं तापमान आणि कासवाचं वजन लिहा, म्हणजे किती वॅटचा हीटर घ्यायचा ते सांगता येईल. आणि मोठी पेटी करताना लक्षात असू द्या, हे कासव पुढे ४०-५० किलोचं होतं. गावाकडे कोणाचं अंगण असेल तर आत्तापासून बोलून ठेवा.